ॲक्रिंग्टनचा फुटबॉल संघ

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील ॲक्रिंग्टन हे एकेकाळी कापडगिरण्यांचे गाव होते. तेथील ‘ॲक्रिंग्टन स्टॅन्ली’ हा व्यावसायिक फुटबॉल संघ १९२१ साली लीगच्या तिसऱ्या श्रेणीत दाखल झाला. १९५८ मध्ये त्याने आपल्या मैदानासाठी एक जुनी प्रेक्षागॅलरी १,४५० पौंडांस घेतली. परंतु ती आणून उभारण्यास त्याच्या कितीतरी पट खर्च आला. अंथरूण पाहून पाय पसरले नाहीत, म्हणून कर्ज वाढले. मार्च १९६२ मध्ये, हंगाम चालू असतानाच, संघाने लीगकडे राजीनामा धाडला. लगेच तो परत मागितला. पण लीगने नकार दिला. १९६६ मध्ये संघ विसर्जित झाला. गाव मात्र त्याला विसरले नाही. १९६८ मध्ये त्याच नावाचा नवा संघ उभा राहिला व २००६ मध्ये लीगमध्ये पोहोचला.