परळचे हाफकिन

परभणी जिल्ह्यातील वालूरसारखे गाव असो की मुंबईसारखे महानगर असो, आपल्या तान्ह्या बालकाला लस टोचून घेण्यास माता आज निःशंक मनाने जाते. सव्वाशे वर्षांपूर्वी हा विश्वास लोकांच्या मनात नव्हता. तो निर्माण करण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत वॉल्डेमार हाफकिन या परदेशी शास्त्रज्ञाचे स्थान फार मोठे आहे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात विख्यात शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांच्या हाताखाली त्यांनी प्राणिशास्त्राचे अध्ययन केले. त्या काळी रशियात ज्यू लोकांवर अनेक निर्बंध असत. त्यामुळे बुद्धिमत्ता असूनही प्राध्यापकपदाचा मार्ग त्यांना बंद होता. अखेर १८८८ साली त्यांनी स्वदेश सोडला आणि जिनिव्हामार्गे ते पॅरिसला गेले. तेथील पाश्चर संस्थेत त्यांना प्रथम मिळाले ते ग्रंथपालाचे काम! परंतु ते निराश झाले नाहीत. मिळेल तो वेळ त्यांनी प्रयोगशाळेत घालविला आणि पटकीच्या रोगावर लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

ज्या देशात पटकीने दरवर्षी असंख्य माणसे दगावत, त्या हिंदुस्थानात १८९३ साली हाफकिन आले. कलकत्त्याच्या दाट वस्त्यांतून आणि उत्तरेकडील अनेक प्रांतांतून हिंडून त्यांनी सहस्रावधी लोकांना लस टोचली.

इतक्यात मुंबईवर मोठे संकट कोसळले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. लोक घरेदारे सोडून पळू लागले. सरकारने घरांच्या झडत्या व सक्तीचे विलगीकरण सुरू केले. त्यामुळे भीतीत संतापाची भर पडली. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला, ती हीच साथ होय.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईत आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा खोलीत, मोजक्या साहाय्यकांसह त्यांनी कामास आरंभ केला. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब सोडले, की त्यांच्या आधाराने प्लेगचे जंतू विपुल वाढतात, असे त्यांना आढळले. हे जंतू उष्णतेने मारून त्यांची लस बनविली जाई. मृत जंतू रोग उत्पन्न करू शकत नाहीत. मात्र त्यांची ओळख पटल्याने शरीर प्रतिकारास सज्ज होते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या. पण ते सुखरूप राहिले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील ज्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली, त्यांच्यात रोगाचे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळच कमी दिसून आले. आगाखान यांनीही लोकांसमक्ष लस टोचून घेतली आणि लोकांचा धीर वाढला. १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात हाफकिन यांची प्रयोगशाळा सुरू झाली.

पण कीर्तीच्या शिखरावर असतानाच त्यांच्यावर कठोर प्रसंग ओढवला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. दोष प्रयोगशाळेचा ठरवून हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. त्यांच्यापाशी वैद्यकाची पदवी नाही, याचीही कुजबूज झाली.

वस्तुतः पुरावा निराळेच सांगत होता. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता. लशीत धनुर्वाताचे जंतू आधीपासून वाढत असते, तर तिला दुर्गंधी आली असती. परंतु बाटली उघडणाऱ्याला तशी दुर्गंधी आली नव्हती. हाफकिन यांनी आपली बाजू संयमाने व पुराव्यानिशी मांडली. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ साली त्यांच्यासाठी जाहीरपणे आवाज उठविला, तेव्हा कोठे ते निर्दोष ठरले. मधली पाच वर्षे मात्र त्यांना कोणीही परत देऊ शकले नाही. मनात कटुता न ठेवता ते पुन्हा कलकत्त्यास येऊन कामाला लागले.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला ‘हाफकिन संस्था’ असे नाव देण्यात आले. पुढे २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. जन्मभूमीने ज्यांना आसरा दिला नाही, त्यांचे नाव मुंबईने आपल्या वास्तूवर आदराने कोरले. आणि जी लस दुसऱ्याला द्यावयाची, ती आधी स्वतः घ्यावयाची, हा त्यांनी घालून दिलेला धडा त्या वास्तूइतकाच चिरस्थायी आहे.