पाहण्याचा हक्क आणि बदलण्याचा अखत्यार

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतीत, जेथे एकेका गृहनिर्माण संस्थेच्या कपाटात उपविधी, सभांची इतिवृत्ते, लेखापरीक्षणाचे अहवाल आणि भाडेकरारांच्या प्रती वर्षानुवर्षे साचत जातात, तेथे हे दप्तर गूगल ड्राइव्हसारख्या सामायिक संग्रहात हलविण्याची सोय आता कोणत्याही सचिवाच्या हाताशी आहे. कागद चढविणे सोपे. कोणी काय पाहावे आणि कोणी काय बदलावे, याची तजवीज करणे हेच खरे दफ्तरदारीचे काम.

हा प्रश्न जुना आहे. पेशवाई १८१८ साली संपल्यावर तिचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १८९१ साली त्याच्यासाठी पुण्यात इमारतही उभी राहिली. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेचा पत्रव्यवहार त्यातच होता. तथापि अभ्यासकांना तेथे मुक्तद्वार नव्हते, आणि १९३० पासून गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कोठे ते सर्वसामान्य वाचकाच्या दृष्टीस पडू लागले. छापील खंड कोणीही वाचावा, पण मूळ कागदावर लेखणी चालविण्याची मुभा कोणालाच नसावी, हा भेद त्या व्यवस्थेत आपोआप पाळला गेला.

ऑनलाइन संग्रहात तो आपणास हुकूम देऊन पाळावा लागतो. गूगल ड्राइव्हवर दर्शकाला केवळ वाचता येते, टिप्पणीकाराला शेरा मारता येतो, संपादकाला मजकुरात फेरफार करता येतो; आणि मालकाने मनाई केली नसेल, तर संपादक आणखी कोणा तिऱ्हाइतालाही आत घेऊ शकतो. फोल्डरला दिलेली परवानगी त्याच्या पोटातील फायलींना सहसा वारशाने मिळते. म्हणून भाडेकरूच्या आधार कार्डाची प्रत ‘सर्व सभासद’ या फोल्डरात पडली, की ती साऱ्या इमारतीपुढे उघडी झाली असे समजावे. त्यातच ‘लिंक असलेली कोणतीही व्यक्ती’ हा पर्याय निवडून ती लिंक व्हॉट्सॲपच्या समूहात टाकली, तर घर सोडून गेलेल्या भाडेकरूपासून दलालापर्यंत ती कोणाच्या हाती जाईल याचा हिशेब राहत नाही. डाउनलोड बंद करता येते हे खरे. पण पडद्याचे छायाचित्र काढणाऱ्याला ते बंधन आडवे येत नाही.

कोणाला काय दाखवावे, हे ठरविण्यास सचिवाच्या मर्जीची आवश्यकता नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा सभासदाला उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि त्याच्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क देतो. शेजाऱ्याच्या ओळखपत्राच्या प्रतीचा त्यात समावेश नाही. म्हणून तीन स्वतंत्र फोल्डर असावेत: पहिला सर्व सभासदांना केवळ दर्शक म्हणून, दुसरा कार्यकारिणीच्या कामकाजाचा, तिसरा खासगी कागदांचा, आणि हा तिसरा पहिल्या दोहोंच्या पोटात कदापि ठेवू नये. पहिल्या फोल्डरात नावनिशी ईमेल पत्ते घालावेत, लिंकचा मार्ग ‘प्रतिबंधित’ ठेवावा. आणि मंजूर झालेले इतिवृत्त तेथे पीडीएफ करूनच ठेवावे, म्हणजे मसुदा आणि दस्तऐवज यांची गल्लत होत नाही.

सर्वांत नाजूक बाब मालकीची. संग्रह सचिवाच्या खासगी खात्यावर उघडला, तर पाच वर्षांची मुदत संपून नवी कार्यकारिणी आल्यावरही दप्तराची मालकी माजी सचिवाकडेच राहते. आणि दोन वर्षे न वापरलेले खासगी खाते आतील मजकुरासह काढून टाकण्याची मुभा गूगलने आपल्या धोरणात ठेवली आहे. अधिकार पदाचा असतो, इसमाचा नव्हे. या न्यायाने खाते संस्थेच्या नावे उघडावे, त्याचा पासवर्ड आणि पडताळणीचा मोबाइल क्रमांक पदभार सोपविताना बदलावा, जुन्या पदाधिकाऱ्यांची नावे संपादकांच्या यादीतून त्याच दिवशी काढावीत, आणि जडवस्तूंच्या यादीसारखीच या हस्तांतरणाची नोंद इतिवृत्तात घ्यावी.