कुत्र्याच्या गुडघ्याची वाटी सरकते तेव्हा

वस्तीतल्या दहा बाय बाराच्या घरातही आता पॉमेरेनियन असतो. पळता पळता तो मागचा एक पाय उचलतो, तीन पायांवर दोन-चार उड्या मारतो आणि पुन्हा नीट पळतो. लेकरांना गंमत वाटते. पण बहुधा ती गुडघ्याची वाटी खोबणीतून सरकल्याची खूण असते. लहान जातींत हा दोष हाडांच्या ठेवणीतच असतो. कुणी मारल्याने झाला म्हणून घरात भांडू नका.

ऑपरेशनचा खर्च ऐकून आपण हादरतो. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा, श्रेणी कितवी? एकूण ४ आहेत. पहिलीत वाटी हाताने ढकलली तरच सरकते, सोडली की जागेवर येते. इथे ऑपरेशनसाठी कर्ज काढण्याचे कारण नाही. दुसरीत ती अधूनमधून आपोआप सरकते. लंगडणे किती, दुखणे किती, यावर ठरवावे. तिसरीत ती बहुतेक वेळ बाहेरच असते, चौथीत हातानेही बसत नाही. तेव्हा, त्यातही पिल्लू वाढीचे असेल तर, थांबू नये. हाड वाकडे होत जाते. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक आहेच, तिथे चौकशी करावी.

ऑपरेशन करा वा नका करू, वजन आटोक्यात हवेच. चहा-बिस्किटाचे लाड बंद. गुळगुळीत लादीवर गोणपाट अंथरा. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला मुळीच देऊ नका, ती विषारी ठरतात. आणि पाय अचानक टेकेनासाच झाला, तर आतला स्नायुबंध तुटलेला असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.