कॅराव्हॅन केवढी घ्यावी?

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन-पर्यटनाचे धोरण आखल्यापासून चाकांवरचे घर घेण्याची मनीषा वसई-विरारकडील एखाद्या कुटुंबात उद्भवली, तर नवल नाही. परंतु प्रथमच खरेदी करणारा इसम बिछाने मोजतो आणि रस्ता मोजावयाचे विसरतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर ऐसपैस वाहन सुखाने धावेल. पण आगाशीहून अर्नाळ्याकडे जाताना, दुतर्फा कुंपणे असलेल्या अरुंद वळणावर समोरून बस आली, म्हणजे कायद्याने मंजूर असलेली २.६ मीटर रुंदी शिक्षाच वाटू लागते.

हलक्या मोटारवाहनाच्या परवान्यावर भारासह ७,५०० किलोपर्यंतचे वाहन चालविता येते. कॅराव्हॅन मोटारीमागे जोडून न्यावयाची असल्यास मोटारीची ओढण्याची क्षमता उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावी, आणि हिशेब भरल्या गाडीचाच धरावा, कारण पाण्याची १०० लिटरची टाकी भरताच १०० किलो वाढतात, शिवाय भांडीकुंडी, गॅसचे सिलिंडर आणि आमच्या मुलुखाच्या रिवाजाप्रमाणे सुकेळ्यांचे पुडे असतातच.

चौघांसाठी म्हणून दाखविलेल्या गाडीत जेवणाचे मेजच रोज रात्री मोडून पलंग करावा लागतो, हे विक्रेता सहसा शेवटी सांगतो. म्हणून घरातील सर्वांत उंच माणसाला तेथे प्रत्यक्ष निजवून पाहावे. एवढे झाल्यावर, गाडी उभी करण्याच्या जागेची लांबी फितीने मोजून गृहनिर्माण संस्थेची लेखी संमती घ्यावी, आणि मगच विसार द्यावा.