भिंतीआडचें पाहणारें यंत्र

आपल्या घरांत रात्रीं कोणी दिवा लावला, कोणी स्नानाचें पाणी तापविलें, हें रस्त्यावरील परक्या माणसास कळावें काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें हा प्रश्न खरोखरच आला होता. १९९२ च्या जानेवारींत ऑरेगॉन संस्थानांतील फ्लॉरेन्स गांवीं सरकारी अंमलदारांनीं पहाटे मोटारींत बसून एका घरावर उष्णतादर्शक यंत्र रोखलें. छपराचा व एका भिंतीचा भाग शेजारच्या घरांहून अधिक तापलेला दिसला. हा व इतर पुरावा दाखवून त्यांनीं झडतीचा हुकूम मिळविला. आंत जाऊन पाहतात तों प्रखर दिव्यांखालीं गांजाचीं शंभरांहून अधिक झाडें!

माल सांपडला म्हणजे सारें रीतसर झालें, असें पुष्कळांस वाटेल. २००१ सालीं न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें कीं, हुकुमावांचून असें यंत्र रोखणें हीच मुळीं बेकायदा झडती होय. आम्हीं बाहेर आलेली उष्णता तेवढी मोजली, असें सरकारचें म्हणणें होतें. घरांतील प्रत्येक गोष्ट खाजगीच असते, असें न्यायमूर्ति स्कॅलिया यांनीं उत्तर दिलें. गृहिणी रोज किती वाजतां स्नान करते, हेंहि अशा यंत्रास कळेल! मात्र यंत्र सर्वसामान्य वापरांतलें नसावें, अशी अट त्यांनीं घातली. ती आम्हांस ठिसूळ वाटते. आज तसलें यंत्र विकत आणून खिशांतील टेलिफोनास जोडतां येतें.

तज्ज्ञांच्या साक्षीबाबत असलीच कसोटी पूर्वीं होती. १९२३ च्या वॉशिंग्टन येथील एका खुनाच्या खटल्यांत, आरोपी खरें बोलतो हें रक्तदाबावरून सांगावयास मार्स्टन नांवाचे मानसशास्त्रज्ञ सिद्ध होते. (‘वंडर वूमन’ ही चित्रकथेंतील वीरांगना पुढें यांनींच निर्मिली.) शास्त्र त्या क्षेत्रांत सर्वमान्य झालेलें नाहीं, म्हणून ती साक्ष नाकारली गेली. १९९३ सालीं, गर्भारपणांतील ओकारीवरच्या औषधानें मुलें व्यंग घेऊन जन्मलीं अशा दाव्यांत, सर्वोच्च न्यायालयानें ही कसोटी अपुरी ठरविली. सिद्धान्त पडताळला आहे काय, चुकीचें प्रमाण किती, हें न्यायाधीशानेंच तपासावें. त्या मुलांस मात्र लाभ झाला नाहीं. १९९५ सालीं नव्या कसोटीवरहि त्यांच्या तज्ज्ञांची साक्ष टिकली नाहीं.

घराच्या भिंतीपुरती ती जुनी अट मात्र कायम आहे. विरोधी मत देणारे न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं २००१ सालींच बजावलें होतें कीं, असलीं यंत्रें जितकीं सुलभ होतील तितका धोका वाढेल, आणि नेमकें तेव्हांच या निकालाचें संरक्षण सरेल.