सोऱ्या आला, भाजणीचे काय?

गेल्या डिसेंबरात एका तालुक्याच्या गावी शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनासाठी पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. शासकीय योजनेतून मिळालेले त्रिमितीय मुद्रणाचे यंत्र मुख्याध्यापकांनी मोठ्या अभिमानाने दाखविले. त्यावर दसऱ्याच्या पूजेचा झेंडू वाळून पडला होता. चालवून दाखवाल का, असे विचारताच विज्ञानाचे शिक्षक संकोचले. प्लॅस्टिकच्या तारेचे रीळ पावसाळाभर उघडे राहिले होते; तार वाकवली की गवताच्या काडीसारखी मोडत होती. नव्या रिळाची मागणी कागदावरच होती. यंत्र नादुरुस्त नव्हते. त्याला खायला काही नव्हते, इतकेच.

हे यंत्र म्हणजे मूलतः आपल्या घरातील चकलीचा सोऱ्याच होय. प्लॅस्टिकची तार तापलेल्या तोटीत ढकलावयाची आणि बाहेर येणारा मऊ धागा थरावर थर अंथरीत वस्तू उभी करावयाची. अमेरिकेतील स्कॉट क्रम्प यांना ही कल्पना १९८८ च्या सुमारास, मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करीत असता सुचली. १९८९ मध्ये त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला, १९९२ मध्ये ते मिळाले आणि २००९ मध्ये त्याची मुदत संपली. त्यापूर्वीच इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचे एड्रियन बोयर यांनी २००५ साली, स्वतःचेच कित्येक सुटे भाग घडवू शकेल अशा यंत्राचा उपक्रम सुरू करून त्याचे आराखडे सर्वांना खुले केले होते. परिणामी लाखोंच्या घरातील यंत्र काही हजारांत मिळू लागले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. एक घटक मुबलक झाला की दुर्मिळता दुसऱ्याकडे सरकते. सोऱ्या स्वस्त झाला तेव्हा भाजणी महाग ठरली. प्लॅस्टिकचे दाणे पोत्याने मिळतात. पण तेच वितळवून पावणेदोन मिलिमीटर जाडीची, केसभरही जाडबारीक न होणारी तार ओढली की किंमत कित्येक पटींनी वाढते. काही यंत्र-उत्पादकांनी तर रिळाच्या पेटीत इलेक्ट्रॉनिक खूण बसवून आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाची तार यंत्राला चालू नये, अशी तजवीज केली.

परंतु खरी अडचण किमतीपेक्षा गुणांची आहे. या कामी लागणाऱ्या पॉलिमरकडून, म्हणजे बहुवारिकाकडून, आपण परस्परविरुद्ध गोष्टी मागतो. तोटीत ते सहज वाहावे, पण बाहेर पडताच ओघळू नये. ते लवकर थिजावे, पण इतक्याही लवकर नव्हे की खालच्या थराशी त्याचे रेणू गुंतणारच नाहीत. तसे झाले की वस्तू दिसते अखंड आणि जोर लागताच थराथराने उकलते. थिजताना ते आकसूही नये. ए.बी.एस. हे प्लॅस्टिक दणकट खरे, पण थंड होताना त्याचे कोपरे पापडासारखे वर उचलले जातात. त्यात कार्बनचे बारीक तंतू मिसळल्याने हा दोष बराच आटोक्यात येतो. २०१४ साली शिकागोच्या यंत्रप्रदर्शनात मोटारीचा सांगाडा मुद्रित करून दाखविला, तो याच मिश्रणाचा. पीक नावाचे बहुवारिक याहून कणखर, पण ते ३४० अंशांच्या पुढे वितळते. शाळेच्या यंत्राचे ते कामच नव्हे.

शाळांतून चालते ते पी.एल.ए. मक्याच्या वा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून हे बहुवारिक. ते फारसे आकसत नाही, उग्र वासही येत नाही. मात्र साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडते. चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत अशी वस्तू ठेवून पाहावी! ओलाव्याशीही त्याचे वैर आहे. तापलेल्या तोटीत पाण्याचा अंश त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो. त्याला उष्णता सोसावयास शिकविण्याचे मार्ग अज्ञात नाहीत. लॅक्टिक आम्लाची डावी आणि उजवी अशी रूपे असतात. त्या दोहोंच्या साखळ्या एकत्र आणल्या की बनणारे स्फटिक सुमारे पन्नास अंश अधिक तापमानाला वितळतात, हे जपानमधील इकाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ सालीच दाखविले. प्रश्न आहे तो हे ज्ञान तारेत उतरविण्याचा, आणि तेही आपल्या हवेसाठी. नेब्रास्कातील वा जर्मनीतील कारखानदाराला कोकणातील जुलै महिन्याची काळजी का असावी?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये या उत्पादनतंत्राचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. ५० देशी तंत्रे, १०० नवे उद्योग, ५०० नवी उत्पादने अशी उद्दिष्टे त्यात होती. त्या ५० तंत्रांत द्रव्यांचाही समावेश होता, हे मान्य केले पाहिजे. तरीही व्यवहारात आपली मोजदाद यंत्रांचीच होते, कारण यंत्राचे उद्घाटन करता येते. भाजणीचे कोण करणार?

महाराष्ट्राला या प्रश्नात दुहेरी आस्था असावयास हवी. ऊस येथे आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून येथे आहे, आणि बहुवारिकांवर तेथे दीर्घकाळ काम झालेले आहे. प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीस पी.एल.ए.चे प्रात्यक्षिक केंद्र उघडले. त्याच वर्षी बलरामपूर चिनी मिल्सने उत्तर प्रदेशात वर्षाला ७५ हजार टनांचा कारखाना उभारण्याचे जाहीर केले. थायलंडमध्ये तेवढाच कारखाना २०१८ पासूनच चालू आहे. आपले साखर कारखानदार इथेनॉलकडे वळले, कारण तेथे तेल कंपन्या ठरल्या भावाने माल उचलतात. पी.एल.ए.ला असे गिऱ्हाईक नाही. मुद्रणाची तार हा त्याच्या खपाचा लहानसा कोपरा, हे खरे. तेवढ्यासाठी कोणी उसाचे एक टिपरूही अधिक लावू नये, पाण्याचा हिशेब आधीच बिघडलेला आहे. परंतु शासन शाळांना हजारो यंत्रे पुरविते, तेव्हा रिळांचे सर्वात मोठे गिऱ्हाईक होण्याची ताकद त्याच्याकडेच आहे. दमट हवेत चार महिने टिकेल आणि ऐंशी अंशांना वाकणार नाही अशी तार, एवढी अट निविदेत घालून पाच वर्षांच्या खरेदीची हमी दिली, तर प्रयोगशाळेतील सूत्र कारखान्यात उतरविण्यास कोणीतरी पुढे येईल.

त्या शाळेतील शिक्षकांनी ते रीळ अद्याप टाकून दिलेले नाही. निघताना त्यांनी कपाट उघडून दाखविले. पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या तांदळात, ते पुरून ठेवले होते.