पगडी उतरली, शब्द डोक्यावरच राहिला

आजचा शब्द आहे ‘उष्णीष’. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत मी तो स्तूपाच्या आकृतीसोबत पाठ केला होता. तो मुळात डोक्याला गुंडाळायच्या कापडाचा शब्द आहे, हे मात्र फार उशिरा कळलं. आपलं मुंडासं म्हणा ना!

जुनी व्युत्पत्ती सोपी आहे: ‘उष्ण’ म्हणजे ऊन, ते दूर ठेवतं ते उष्णीष. अथर्ववेदात व्रात्याच्या वेशात ते येतं, राजसूय यज्ञात राजाला बांधतात, आणि यजुर्वेदात चक्क इंद्राणीचं उष्णीष आहे. म्हणजे बायकांच्या डोक्यावरही ते असायचं!

आता गंमत बघा. सिद्धार्थ घर सोडतो तेव्हा राजवेश उतरवतो, केस कापतो. पगडी गेली. पण पाली ग्रंथांत महापुरुषाची 32 लक्षणं सांगितलीत, त्यात एक आहे ‘उण्हीससीस’. पगडी बांधल्यासारखं डोकं, असा त्याचा एक अर्थ लावतात. म्हणजे राजेपणाची खूण कापडात नाही, माणसातच आहे. पुढे बुद्धमूर्तीच्या माथ्यावरच्या उंचवट्यालाच उष्णीष म्हणू लागले. अजिंठ्याला एक नंबरच्या लेण्यात गाभाऱ्यातली बुद्धमूर्ती पाहिलीत ना? तिच्या माथ्यावर तो दिसतो. बरेच जण त्याला अंबाडा म्हणून मोकळे होतात. मीही म्हणायचो.

मग स्तूपाच्या आकृतीत हा शब्द कुठून आला? सांचीच्या स्तूपाभोवती दगडी कठडा आहे. उभे ते स्तंभ, आडव्या त्या सूची, आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसवलेला लांब दगड म्हणजे उष्णीष. कठड्याची पगडीच की!

कापड, माथा, दगड. तिन्हींत एकच धागा आहे: सगळ्यात वर जे असतं ते. हे कळल्यावर मला तो शब्द पुन्हा पाठ करावा लागला नाही.

आणि खरीखुरी कापडी उष्णीषं बघायची असतील, तर लोणावळ्याजवळ कार्ल्याला जा. चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर जोडपी कोरलीत. त्यातल्या पुरुषांची भरदार पागोटी बघा, जवळपास 2000 वर्षं झाली, अजून सुटलेली नाहीत!

तुमच्या घरी डोक्यावरच्या कापडाला काय म्हणतात? पटका, फेटा, मुंडासं, की आणखी काही? आजी-आजोबांना विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!